छातीवरचं यंत्र मराठीत बोलायला हवं

कोल्हापुरात 'सीपीआर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय येतं. म्हणून त्या दिवशी मंगल कार्यालयात मी जिना उतरता उतरता "सीपीआर सुरू करा!" (म्हणजे हृदय बंद पडलंय, छाती दाबायला लागा) असं ओरडले, तेव्हा दोघंजण गाडी काढायला पळाले. त्यांची काहीच चूक नव्हती. मी एकतीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी आयसीयूत. इतक्या वर्षांत 'छाती दाबा' हे साधे दोन शब्द आधी तोंडात येण्याची सवय मला लागली नव्हती, ही चूक माझी.

खाली साठीचे एक गृहस्थ पडले होते. भोवती गर्दी. कुणी कांदा फोडून नाकाशी धरत होतं, कुणी "फिट आलीय, चप्पल हुंगवा" म्हणत होतं. "श्वास चालू आहे की, घोरतायत," असंही एकजण म्हणाला. ते घोरणं नसतं. हृदय बंद पडल्यावर काही मिनिटं माणूस असा मधूनमधून आचके देतो, आणि त्या आचक्यांना श्वास समजून लोक थांबून राहतात. हाक मारून, खांदा हलवून उत्तर नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की छाती दाबायला लागायचं.

कार्यालयाच्या दाराशी कुणीतरी देणगी दिलेली एईडीची पेटी होती. छातीवर दोन पॅड चिकटवले की हृदयाची लय तपासून, गरज असेल तर विजेचा शॉक देणारं हे बोलकं यंत्र. वाढपी मुलांपैकी एकानं, वीस-एकवीस वर्षांचा असेल, ती उघडून यंत्र सुरू केलं होतं. चित्र बघून दोन्ही पॅड बरोबर जागी चिकटवले होते आणि तो छाती दाबतही होता. त्या गर्दीत शहाणा तो एकटाच. यंत्र त्याला सांगत होतं, "पुश हार्डर." म्हणजे अजून जोरात दाबा. आणि तो आणखी हलक्या हातानं दाबत होता.

पुढं तो मला म्हणाला, "काकू, ते सारखं काहीतरी बोलायलं होतं. मला वाटलं माझं चुकतंय, म्हणून घाबरून हात हलका केला."

हे वाक्य माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेलं नाही.

मधे यंत्रानं इंग्रजीत सांगितलं की पेशंटला हात लावू नका, हृदयाची लय तपासतोय. त्या गृहस्थांच्या भावानं त्यांचा हात धरून ठेवलेला. लय तपासायला माणूस स्थिर लागतो, त्यात वेळ गेला. मग मी पोचले, सगळ्यांना बाजूला केलं, एक शॉक दिला, लगेच पुन्हा दाबायला सुरुवात केली. 108 आली. ते गृहस्थ वाचले नाहीत. यंत्र मराठीत बोललं असतं तर ते वाचले असते का, हे मला सांगता येत नाही आणि मी तसा दावा करणार नाही. पण त्या मुलाचे हात योग्य तेवढे खोल गेले असते, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

ही यंत्रं खरंच हुशार आहेत. लय शॉक देण्याजोगी आहे की नाही, हे एईडी स्वतः ठरवतं. नसेल तर बटण कितीही दाबा, शॉक देत नाही. त्यामुळे गरज नसलेल्या पेशंटला आपल्या हातून चुकून शॉक बसेल ही भीती मनातून काढून टाका. काही यंत्रांच्या पॅडमध्ये किंवा छातीवर ठेवायच्या चकतीत त्वरण, म्हणजे वेगातला बदल, मोजणारा सेन्सर असतो. आपला हात किती खाली गेला, किती वेळा गेला, छाती पूर्ण वर आली का, हे त्यावरून कळतं. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला 100 ते 120 वेळा. हे आकडे वाचायला सोपे आहेत, पण समोर जिवंत माणूस असताना 5 सेंटीमीटर फार खोल वाटतात. बरगडी मोडेल म्हणून हात आपोआप आखडतो. तेव्हा कुणीतरी कानाशी "अजून जोरात" म्हणणारं लागतं. (पेशंट गादीवर असेल तर गादीच दबते आणि सेन्सर फसतो. म्हणून आधी जमिनीवर घ्या.)

शिकागोच्या ओहेअर आणि इतर विमानतळांवर 1999 पासून अशी यंत्रं भिंतींवर लावली. पहिल्या दोन वर्षांत शॉक लागू पडेल अशा लयीत हृदय थांबलेले 18 जण होते, त्यांतले 11 वाचवता आले. त्या अकरांपैकी सहांना वाचवणाऱ्यांनी एईडी वापरायचं शिक्षण कधीच घेतलेलं नव्हतं. त्यांतले तिघे डॉक्टर होते, हे मान्य. पण बाकीचे? त्यांनी यंत्र सांगेल तसं केलं. यंत्र त्यांना कळणाऱ्या भाषेत सांगत होतं, हे मला त्यात सर्वांत मोठं वाटतं.

दुसरी बाजूही सांगते. अमेरिका आणि कॅनडात रुग्णवाहिकेच्या पथकांवर झालेल्या अभ्यासात, जो 2011 साली छापून आला, असं दिसलं की सूचना देणाऱ्या यंत्रांमुळे छाती दाबण्याची प्रत सुधारली, पण जगणाऱ्यांची संख्या वाढली नाही. ती मुळातच शिकलेली, सरावाची माणसं होती. आपल्याकडे पेटीपुढे गुडघे टेकून बसणारा माणूस वाढपी असतो, वॉचमन असतो, एसटीचा कंडक्टर असतो. त्याला त्या आवाजाशिवाय दुसरा आधार नसतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ठिकाणी लागणारं प्रत्येक एईडी मराठीत बोलावं. भाषा हे आवाजाचं रेकॉर्डिंग आहे, त्यासाठी यंत्र नव्यानं शोधायचं नाही. देणगीदार, सोसायट्या, नगरपालिका, सगळ्यांनी खरेदीच्या वेळी हा एक प्रश्न विचारावा. आणि पेटीला कुलूप नको! एका सोसायटीत मी पाहिलं, यंत्र ऑफिसात बंद आणि किल्ली सेक्रेटरींकडे, ते गावाला. पॅडवरची मुदत कुणी तपासलेली नव्हती.

"पोलीस केस होईल का?" हेही मला दरवेळी विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं, पण ते रस्ते अपघातापुरतं. लग्नात कोसळलेल्या माणसाला हात लावणाऱ्यालाही ते स्पष्ट शब्दांत मिळायला हवं.

गेलं वर्षभर मी रविवारी एका तालमीत शिकवते. तोंडातून श्वास देणं शिकवत नाही, फक्त छाती दाबणं. भारतातल्या भूलतज्ज्ञांनी सामान्य माणसांसाठी 2017 मध्ये हीच पद्धत सुचवली. पैलवान पोरं जोर भरपूर लावतात, पण वर यायचं विसरतात. छातीवर रेलूनच राहतात. छाती पूर्ण वर आल्याशिवाय हृदयात रक्त नीट भरत नाही. छाती पूर्ण वर आली की नाही, हे त्यांना सरावाच्या पुतळ्यावरचा दिवा दाखवतो. आणि दोन मिनिटांत पैलवानही दमतो. माणूस बदलायलाच लागतो.

मागच्या महिन्यात तो वाढपी मुलगा आला. बराच वेळ दाराशी उभा होता. मग म्हणाला, "काकू, तवा मी बरोबर दाबत होतो का?"

मी खरं सांगितलं. जागा बरोबर होती, लय बरोबर होती, खोली कमी पडत होती. तो काही बोलला नाही. बाह्या सारल्या आणि पुतळ्याशेजारी गुडघ्यावर बसला. आमचं सरावाचं यंत्रही इंग्रजीच बोलतं. ते "पुश हार्डर" म्हणालं, आणि मी त्याच्या मागं उभी राहून म्हटलं, "अजून जोरात, बाळा. अजून."