म्युनिकमधला एडवर्ड

आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर रणधुमाळी चालू आहे. पुतण्यानं ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका, संपवली, तिच्या दोन आवृत्त्यांपैकी 2009 ची ‘ब्रदरहूड’, आणि मला फर्मान सोडलं, ‘काका, 2003 चं बघूच नका. स्टोरीची पार वाट लावलीय.’ यातलं काहीही न पाहिलेला दादा लगेच, ‘मूळ ते मूळ.’ मग गाडी नेहमीप्रमाणे मराठी मालिकांवर घसरली, आणि लेखकाच्या शब्दाला कुणी हात लावता कामा नये, असा ठराव पास झाला.

माझं डोकंच फिरलं. टोकियोतल्या निशी-कासाईत 14 वर्षं काढलीत मी. बुकऑफ या जुन्या पुस्तकांच्या दुकानातल्या 110 येनच्या रॅकवरून मूळ मांगाची, म्हणजे चित्रकथेची, सत्तावीसच्या सत्तावीस पुस्तकं एकेक करून जमवली. निम्मी कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, त्यांच्याच फुरिगानावर, शेजारी बारीक अक्षरात दिलेल्या उच्चारांवर शिकलो. आणि सांगलीत सबटायटल वाचणारं पोर मला मूळ कथा शिकवणार!

हिरोमु अराकावांची ही मांगा 2001 ते 2010 मासिकात चालली. पहिली अ‍ॅनिमे 2003 मध्ये आली तेव्हा कथा अर्ध्यावरही नव्हती. शेवट वेगळा करा, असं खुद्द बाईंनीच सांगितलं होतं. तोच शेवट दोन ठिकाणी करण्यात त्यांना रस नव्हता. पुढे त्याच बोन्स स्टुडिओनं मूळ कथेला धरून 64 भागांची दुसरी केली. आज दोन्ही दुकानात शेजारी शेजारी असतात. होक्काइदोत, तोकाचीतल्या शेतावर वाढलेली, घरच्या गाईंमध्ये सात वर्षं राबलेली ही बाई पुस्तकात स्वतःला चष्मेवाली गाय म्हणून काढते. तिला मूळ कथेचं सोवळं नाही, आणि आम्हाला बघा!

‘इथं जपानात असले वाद होत नाहीत,’ असं मी ग्रुपवर ठोकून दिलं. हे काही खरं नाही. 2024 च्या जानेवारीत टीव्ही मालिकेत कथा बदलल्याचा वाद पेटला आणि त्यात एका मांगा-लेखिकेचा जीव गेला. ऑफिसात कितीतरी दिवस त्यावर कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. ते मी ग्रुपवर लिहिलं नाही.

खरं सांगायचं तर मला 2003 ची आवडते ती वेगळ्याच कारणानं. एडवर्ड आणि अल्फोन्स हे दोघे भाऊ निघताना आपलं घर स्वतःच जाळतात, मागे फिरायचा मोह नको म्हणून. त्या दिवसाची तारीख, 3 ऑक्टोबर, एडवर्डनं चांदीच्या घड्याळाच्या झाकणात आतून कोरलेली असते. अक्षरं वेडीवाकडी, पोरानं कोरल्यासारखी. ‘ब्रदरहूड’मध्ये तो शेवटी गावी परततो, लग्न करतो. 2003 मध्ये मात्र तो दोन जगांमधल्या दाराच्या पलीकडे, आपल्या या जगात येऊन पडतो. 2005 च्या सिनेमात तर 1923 च्या म्युनिकमध्ये राहतो. भोवतीचे चेहरे सगळे घरच्यांसारखे, पण माणसं ती नव्हेत. इथल्या तोझाई लाईनच्या मेट्रोच्या गर्दीत मला पाठमोरा दादा किती वेळा दिसला असेल! पुतण्या याला फिलर, नुसती भरती म्हणतो. विशीत आहे, म्हणू दे.

गेल्या दिवाळीत दादानं गावभागातल्या घराचा व्हिडिओ टाकला. ओसरी पाडून गाडीसाठी जागा केली होती. झोपाळ्याच्या कड्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, तुळईचं लाकूड बाहेर रस्त्यावर. मी स्टेशनच्या जिन्यावर उभा राहून टाईप केलं, ‘मला विचारलं का नाही? ओसरी होती तशी ठेवायची ना!’

दादाचं उत्तर आलं, ‘राहतं कोण इथं?’

मूळ ते मूळ, असं तेव्हा नाही म्हणाला तो.