जुन्या भोकात ऑगर घालू नका रे!

अमेरिकेत मिनेसोटात मिल लॅक्स तलाव गोठला की लोक बर्फात भोकं पाडून मासे पकडतात, आणि दर हिवाळ्यात तेच. काल पाडलेलं भोक रात्रीत गोठतं, सकाळी लोक येतात आणि सरळ पॉवर ऑगर, म्हणजे बर्फात भोक पाडायचं फिरत्या पात्यांचं मशीन, त्याच भोकात घालतात. अरे बाबांनो, नको ना! कोऱ्या सपाट बर्फावर मधलं टोक रुततं, पाती सगळीकडून सारखी तासत जातात. जुन्या भोकात ते टोक घसरतं, ऑगर वाकडा बसतो, मग एकच पातं कडेला अडकतं आणि मशीन असा हिसका देतं की मनगटच पिरगळतं, शिवाय खालचं पाणी आणि बर्फाचा लगदा उसळून बुटांवर, ग्लोव्हजवर, आणि बाहेर उणे वीस, म्हणजे दोन मिनिटांत सगळं कडक.

आणि हे सगळं माझा ऑगर मागून नेऊन! परवा परत आला तर पात्याची धार गेलेली, एक कोपरा उडालेला. तासणारी पाती असतात ती, ठोकाठोकीसाठी नाहीत. नवी पाती काय फुकट येतात का?

पातळ थर असेल तर पहार घ्या ना, आपली गावाकडची असते तशीच, इथे बर्फासाठी वेगळी मिळते. पहारेची दोरी मनगटाला बांधा नाहीतर ती तळाला जाईल, कडेकडेने ठोका, चाळणीने तुकडे काढा, झालं. जाड गोठलं असेल तर दोन पावलं सरकून नवीन भोक पाडा. आणि रात्री भोकावर थर्माकोल टाकून वर बर्फ लोटून ठेवायला काय होतं, तेवढं तरी करा की!