तिसरी आवृत्ती म्हणजे किती प्रती, भाऊ?

सकाळपासून एकच फोटो फिरतोय. हार घातलेला पुस्तकांचा गठ्ठा, शेजारी पेढ्यांचा बॉक्स आणि वर ठळक अक्षरांत ‘अवघ्या तीन आठवड्यांत तिसरी आवृत्ती!!!’ खाली बदामांचा पाऊस. एक बदाम मीही टाकला, कारण लेखक ओळखीचा आहे आणि माणूस म्हणून चांगला आहे. दुपारी ते पुस्तक हातात आलं. पहिल्या आवृत्तीचं वाचनालयातून आणून वाचलं होतं, म्हणून सहज चाळलं. नायकाच्या आईचं नाव दोन पानांत बदलतं, ते तसंच. ‘आशीर्वाद’मधली ‘शी’ ऱ्हस्व, तशीच. अनुक्रमणिकेत सातव्या प्रकरणाचा पान क्रमांक चुकला होता, तोही आपल्या जागी सुखरूप.

अरे, मग आवृत्ती कसली काढलीत?

मी जरा जास्तच चिडलोय, हे मला कळतंय. पण मी छापखान्यात वाढलोय. अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, तालुक्याच्या गावी ट्रेडल होता, पायाने चालवायचं छोटं छपाईयंत्र. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणूक आली की पत्रकं. पुस्तक क्वचितच. एकदा एका निवृत्त गुरुजींनी गावाचा इतिहास लिहिला आणि तो अण्णांनी छापला. प्रती संपल्या. गुरुजी सायकलवरून आले आणि म्हणाले, ‘दुसरी काढू.’

आताच्या पोरांना वाटेल, फाइल उघडायची आणि प्रिंट द्यायचं. फाइल कुठली! एकेक खिळा, म्हणजे शिशाचं सुटं अक्षर, उचलून स्टिकमध्ये, हातातल्या पट्टीत, ओळ जुळवायची, ओळींची पानं बांधायची, प्रूफ काढायचं, छापायचं. आणि छापून झालं की सगळं मॅटर मोडून खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत. कारण पुढची पानं जुळवायला तेच खिळे लागायचे. अख्खं पुस्तक जुळवून ठेवण्याइतके खिळे आमच्याकडे कुठून असणार? म्हणजे दुसरी आवृत्ती पहिल्या काना-मात्रेपासून पुन्हा. पुन्हा प्रूफं, पुन्हा डोळेफोड.

गुरुजींनी स्वतःची प्रत आणली होती. लाल शाईने भरलेली, समासात जागा उरली नाही तिथे खळीने चिठ्ठ्या चिकटवलेल्या. कुठल्याशा वाड्याच्या वंशावळीत एक पिढी सुटली होती, ती त्या घरातल्या सुनेने सांगितली होती. अण्णा वैतागले. ‘गुरुजी, नवीनच पुस्तक लिहिताय का?’ गुरुजी म्हणाले, ‘मग दुसरी आवृत्ती म्हणजे काय असतं, अण्णा?’

बस. मला एवढंच म्हणायचंय आणि ते गुरुजींनी माझ्याआधी म्हणून ठेवलंय.

आपल्याकडे ‘आवृत्ती’ हा शब्द कशालाही चालतो. पेपरची नगर आवृत्ती वेगळी, कोल्हापूर आवृत्ती वेगळी, त्यामुळे काकांच्या एकसष्टीचा फोटो पेपरात येतो आणि दोन जिल्ह्यांपलीकडे कुणाला दिसत नाही. फोनमधलं ॲप रोज रात्री ‘नवीन आवृत्ती उपलब्ध’ म्हणतं. पोरगं जन्मलं की आत्या म्हणते, ‘अगदी बापाची आवृत्ती!’ याबद्दल माझं काही भांडण नाही. आत्याने खुशाल म्हणावं.

पण पुस्तकावर छापताना तरी लाज बाळगा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक, म्हणजे जुन्या पोथ्या ताडून पाठ ठरवलेली, आवृत्ती काढली, तिचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं. १२५९ हस्तलिखितं धुंडाळली, १९ खंड झाले. प्रमुख संपादक सुकथनकर मध्येच, १९४३ मध्ये गेले, मग बेलवलकरांनी धुरा घेतली, मग प. ल. वैद्यांनी. त्यालाही आवृत्तीच म्हणतात, आणि शुक्रवारी पीडीएफ पाठवून सोमवारी आणलेल्या गठ्ठ्यालाही आवृत्तीच! मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. दुसरी आवृत्ती आली १८५७ साली, सुधारून, वाढवून. तोच कोश १९७५ मध्ये पुण्यात पुन्हा छापला गेला, तेव्हा छापणाऱ्यांनी इमानाने त्याला दुरुस्त पुनर्मुद्रण म्हटलं. आणि छापखाना नव्हता तेव्हाची गोष्ट सांगू? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि वर बजावून ठेवलं की यात पदरची ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी, नारळाची रिकामी करवंटी, ठेवणं. आवृत्तीमागे कुणीतरी बसावं लागतं हो. मान मोडून बसावं लागतं.

काही हिंदी प्रकाशक ‘संस्करण’ आणि ‘आवृत्ति’ वेगवेगळं छापतात. नवं झालं ते संस्करण, तेच पुन्हा छापलं ती आवृत्ति. आपल्याकडे ‘पुनर्मुद्रण’ हा चांगला शब्द पडलेला आहे, काही जुनी घराणी तो अजून पाळतातही. पण पुनर्मुद्रणाला पेढे वाटता येत नाहीत ना!

हो, मला माहितीये, आता शंभर-शंभर प्रती छापतात, गोदामात पैसा अडकत नाही, छोटा प्रकाशक तरतो. मान्य. छापा की. पन्नास छापा. पण मग ‘तिसरी आवृत्ती’ वाचून मी डोळ्यासमोर तीन हजार प्रती आणतो, ते तुम्हाला पक्कं ठाऊक असतं आणि म्हणूनच तुम्ही ते छापता. ही बनवाबनवीच आहे.

जुन्या पुस्तकांवर ‘आवृत्ती पहिली, प्रती १०००’ असं सरळ लिहिलेलं असायचं. १८६७ च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणीच्या कायद्याने सरकारी यादीसाठी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मागितल्या होत्या: आवृत्ती कितवी, आणि त्या आवृत्तीच्या प्रती किती. इंग्रजाला त्यात आपल्यावर नजर ठेवायची होती, ते सोडा. पण आकडा द्यावा लागायचा. २०२४ पासून नवा कायदा आलाय, तो फक्त नियतकालिकांचा, पुस्तकं त्यातून वगळलीच. म्हणजे आता विचारणारंही कुणी नाही.

गुरुजींच्या दुसऱ्या आवृत्तीच्या तीनशेच प्रती होत्या. अण्णा म्हणाले, ‘आकडा नको घालायला, लहान दिसतो.’ गुरुजी म्हणाले, ‘तीनशे छापताय तर तीनशेच लिहा.’ छापून झाल्यावर पहिली प्रत घेऊन ते त्या सुनेच्या दारात गेले, तिने सांगितलेली पिढी कुठल्या पानावर आलीय ते दाखवायला. अण्णा हे सांगताना हसायचे, म्हणायचे पैसे मात्र तीन हप्त्यांत दिले.

सकाळच्या त्या लेखकाबद्दल माझ्या मनात काही नाही, खरंच. कविता-कादंबरी कोण विकत घेतंय आज? कौतुकाची भूक असते माणसाला, मलाही आहे, नाहीतर हे एवढं लांबलचक इथे का टंकत बसलो असतो. पण त्याला कुणीतरी, निदान त्याच्या प्रकाशकाने, सांगायला हवं होतं की बाबा रे, पेढे नंतर, आधी तुझ्या नायकाची आई एकच आहे का ते बघ. पुन्हा छापायची संधी मिळाली होती, फुकट मिळाली होती, एकही खिळा उचलावा लागणार नव्हता! एका संध्याकाळचं काम. तेही होत नसेल तर हार कुणाला घातलाय तुम्ही?

प्रकाशक मित्र यादीत बरेच आहेत. रागवा खुशाल. फक्त रागावताना तुमच्या शेवटच्या ‘आवृत्ती’च्या प्रती किती होत्या तो आकडा खाली लिहा, आणि त्यात काय दुरुस्त केलं होतं तेही.