पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही

शनिवारी दुपारी मी गॅरेजच्या फरशीवर पालथा पडून, एक गाल सिमेंटला टेकवून, कपाटाखाली टॉर्च मारत होतो. बाहेर 39 अंश, आत त्याहून जास्त. तेवढ्यात नाकासमोर दोन सपाता येऊन थांबल्या. सासूबाईंच्या.

"काय हरवलं?"

"पिन."

"टाचणी?"

"टाचणी नाही हो आई. मशीनची पिन."

"एवढं मोठं मशीन, आणि त्याला टाचणी?"

मागची हकिकत उरकतो. आम्ही टेक्सासात, फ्रिस्कोला असतो. ग्रीन कार्ड हातात आल्यावर (त्याआधी व्हिसावर असताना बंदूक-काडतुसाच्या वाटेला जायचं नाही, ती कायद्याची भानगड वेगळीच) मला नेमबाजीचा नाद लागला. मग झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी गोळा करून घरी प्रेसवर, म्हणजे काडतुसं भरायच्या मशीनवर, पुन्हा भरायचा नाद लागला. इथे स्वतःपुरती भरायला केंद्र सरकारचं लायसन्स लागत नाही, विकायची झाली तर लागतं. मिरजेत विनापरवाना हेच केलं असतं तर 1959 चा शस्त्र कायदा घेऊन पोलीस दारात आले असते.

या प्रेसवर एक चकती असते. तिला चार खाचा. खाचेत नळकांडं बसवायचं, ते बाहेर घसरू नये म्हणून कडेला इवलीशी पितळी पिन लावायची. आता मधेच एखादं नळकांडं काढून आतली दारू वजन करून बघायची असली तर आधी ती पिन उपसावी लागते. (दारू म्हणजे बंदुकीची. पण सासूबाईंनी मिरजेला फोनवर "जावई गॅरेजात बसून काट्यावर दारू मोजतात" असं सांगितल्यापासून मामेसासरे माझ्याशी फार मोकळेपणाने बोलू लागलेत.) पिन आकाराने मिरीच्या दाण्याहून जराशी मोठी. डोकं गुळगुळीत. बोटांना तेल. डोळ्यांवर चाळिशी, तिच्यावर सुरक्षेचा चष्मा. दर दहाव्या नळकांड्याला पिन उपसायची म्हणजे दर विसाव्याला शोधायची. अख्ख्या मशीनला शेकड्यांनी डॉलर मोजून घेतले, पण ही पिन धरायला एक कान ठेवावा असं त्या कंपनीत एकाच्याही मनात आलं नाही. ज्याने तिचं चित्र काढलं त्याने ती पडद्यावर वीतभर मोठी करून पाहिली असणार. माझ्या गॅरेजात ती तेवढी दिसत नाही.

मी काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. चिमटा वापरून पाहिला. चिमट्यातून पिन सुटते तेव्हा पडत नाही, उडते. लायब्ररीतल्या थ्री-डी प्रिंटरवर तिच्यासाठी प्लास्टिकची टोपी छापून आणली, ती दुसऱ्या दिवशी तडकली. शेवटी मोटार दुरुस्तीवाले वापरतात तशी लोहचुंबकाची वाटी मागवली, पिन पडली तरी वाटीत अडकेल म्हणून. सासूबाईंचं लक्ष नेमकं त्या वाटीवर गेलं.

"ही कशाला?"

"चुंबकाची आहे. पिन चिकटून राहावी म्हणून."

त्यांनी वाटी उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग फळीवरची दुसरी पिन उचलून चष्म्याजवळ नेली.

"अहो, ही पितळेची दिसते."

मी गप्प.

"पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही. आम्हाला शाळेत होतं." आणि मग अत्यंत मायेने, "तुम्हाला इंजिनिअरिंगला नव्हतं का?"

जावयाला अहो-जाहो करून जेवढा पाणउतारा करता येतो तेवढा अरे-तुरेत होत नाही. अरे-तुरेला निदान उलट बोलता येतं.

"उठा आधी. असं लोळून काही सापडत नाही." त्या आत गेल्या आणि परात, ओला पंचा आणि केरसुणी घेऊन आल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि मला कामाला लावलं. पंचा पिळून फरशीवरून ओढायचा, परातीत झटकायचा, की त्या बोटाने निवडणार. तांदूळ निवडावेत तशा. निवडता निवडता तोंड चालू. "पन्नास वर्षं कुड्यांची मळसूत्रं काढतेय, घालतेय. कानामागे, न बघता. एक हरवलेलं नाही." थोडं थांबून, "नरसोबाच्या वाडीला एक हरवलं. पण तेव्हा कुड्या वन्संनी घातल्या होत्या."

पुढची दहा मिनिटं वन्संवर गेली. वन्संनी ते कबूल कसं केलं नाही, उलट मळसूत्रच ढिलं होतं असं सगळ्यांना कसं सांगितलं, वगैरे. माझ्या गुडघ्यांची साल निघत होती.

"या गोळीचं वजन किती?"

"180 ग्रेन."

"तोळ्यात सांगा."

मी फोनवर हिशेब केला आणि चाट पडलो. बरोबर एक तोळा! इंग्रजांनी 1833 मध्ये तोळा 180 ग्रेनचा ठरवून टाकला, तोच. ग्रेन म्हणजे जवाचा दाणा. आपल्या सोनाराची गुंजही बीच, साधारण दोन ग्रेनला जरा कमी. एवढा सुंदर योगायोग हाती लागल्याच्या आनंदात मी तो सांगून बसलो.

"तोळाभर!" सासूबाईंचा निवडणारा हात थांबला. "आणि ती तुम्ही पुठ्ठ्यावर मारता?"

"शिसं असतं आई. वर तांब्याचा पातळ पत्रा."

"तोळा तो तोळा."

परातीत शेवटी सापडलं ते असं: पिन, मुलाच्या खेळण्यातलं एक चाक, आणि चकतीखालची ती स्प्रिंगवरची पोलादी गोळी, जी मार्चमध्ये चकती काढताना टुणकन उडाली होती आणि जिच्या किमतीपेक्षा जास्त टपालखर्च भरून मी नवी मागवली होती. गोळी चुंबकाच्या वाटीला टच्चकन चिकटली. "बघा, ही चिकटली," सासूबाई म्हणाल्या. मला समजावण्यासाठी.

गंमत बाजूला ठेवून सांगतो, मला यात खरोखरच राग कशाचा येतो. जगातल्या सगळ्या बारीक वस्तू नेमक्या अधू बोटांच्या माणसांच्या हातात देतात. सासूबाईंच्या कानातल्या यंत्राची बॅटरी घ्या. मसुरीहून थोडी मोठी, वर रंगीत चिकटपट्टी, ती सोलून बॅटरी कप्प्यात घालायची. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना बहुधा दिसतही कमीच. बॅटरी पडल्याचा आवाज येत नाही, कारण यंत्र बंद. त्या मात्र ते काम खाटेवर टॉवेल पसरून, चिकटपट्टी शेवटच्या क्षणापर्यंत न काढता, तिलाच धरून करतात. बॅटरीला शेपूट असतं तोवर ती हरवत नाही, हे त्यांना कळलं होतं. माझ्या नजरेसमोर रोज सकाळी घडत होतं आणि मी लायब्ररीत टोप्या छापत होतो.

जेवणं झाल्यावर त्यांनी बॅगेतून मणी काढले. लाल, काचेचे, वाटाण्याएवढे. फेव्हिक्विकही मिरजेहूनच आणलेलं. पिनेच्या डोक्यावर मणी उभा चिकटवला आणि भोकातून बोटभर दोरा ओवून गाठ मारली. "तंबोऱ्याच्या तारेला मणी असतो ना, सूर हलकेच सरकवायला? आमच्या मिरजेत पोरंसोरं हे जाणतात." तिन्ही पिना तशाच केल्या. आता माझा प्रेस नुकतीच वास्तुशांत झाल्यासारखा दिसतो. (उदबत्ती मात्र गॅरेजात आणायची नाही, हा या घरातला माझा एकुलता एक पाळला जाणारा नियम आहे.)

रात्री दोनशे भरली. एकही पिन पडली नाही. मी हे घरात कोणाला सांगितलं नाही.

काल शेजारचा शिडी मागायला आला. टेक्सासातलाच, साठीचा, त्याच्याकडेही हाच प्रेस. मण्याला हात लावला, पिन उपसली, बसवली, पुन्हा उपसली. "हे कुणी केलं?" मी तोंड उघडेपर्यंत सासूबाई दारात आल्याच होत्या. तासाभराने तो स्वतःच्या तीन पिना डबीत घालून घेऊन आला आणि टोपी काढून त्यांच्यासमोर उभा राहिला. त्यांना इंग्रजी येत नाही, त्याला मराठी. मधे मी.

"त्यांना चुंबकाचं सांगा," सासूबाई म्हणाल्या.

मी दुसरंच काहीतरी सांगितलं, हवामानाबद्दल. तो मान डोलावून म्हणाला, हो, उकाडा फार आहे.

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हसले नाहीत ते," त्या म्हणाल्या. "नीट सांगा. वाटी दाखवून सांगा."