देणगी कर्मचाऱ्याच्या खात्यात येत नसते हो

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तीच जाहिरात. "सेवाभावी संस्थेसाठी फंडरेझिंग असोसिएट पाहिजेत, घरबसल्या, २५,००० अधिक १० टक्के कमिशन, अनुभव नको." खाली एका काकांचा अंगठा आणि "गरजूंपर्यंत पोहोचवा". पोहोचलीये ती, काका. आपल्याच बी विंगमधल्या टी.वाय.बी.कॉम.च्या मुलीपर्यंत मागच्या महिन्यात पोहोचली, आणि आज तिचं बँक खातं गोठलंय.

काम काय होतं? तिच्या खात्यात 'देणगीदारांचे' पैसे येणार, दहा टक्के ठेवायचे, बाकीचे सांगतील त्या यूपीआयवर ढकलायचे. तीन वेळा १८,००० आले. दरवेळी १,८०० ठेवून १६,२०० तिने पुढे पाठवले. ते देणगीदार नव्हतेच, भलत्याच थापेला फसलेली माणसं होती. त्यातल्या एकाने सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला की माग निघतो तो आधी हिच्याच खात्यापर्यंत. केवायसी हिची, पत्ता हिचा, आधार हिचं. पुढचे पसार. अशा खात्याला पोलीस म्यूल अकाउंट म्हणतात, आणि "मला माहीत नव्हतं" एवढ्यावर ते सुटत नाही.

संस्थेची देणगी संस्थेच्या खात्यात जाते. कर्मचाऱ्याच्या खात्यातून नाही म्हणजे नाही! तिला सांगितलं होतं की लंडनच्या ट्रस्टचा निधी आहे, म्हणून वाटप भारतातल्या खात्यांतून. अरे, परदेशी देणगी घ्यायला संस्थेला एफसीआरएची, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याची, परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावा लागतो. बी विंगमधल्या बचत खात्यात कसा उतरेल?

बरं, तपासायचं कसं. पैसे भरायला जाताना यूपीआयवर जे नाव दिसतं ते वाचा. संस्थेच्या नावाऐवजी कुणा माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबा. संस्थेचं पॅन मागा, चौथं अक्षर पी असेल तर ते व्यक्तीचं पॅन. महाराष्ट्रातला ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक हवा. नोंदणी नसलेल्यांना नुसती वर्गणी काढायलासुद्धा कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते, आपल्या गणपती मंडळाच्या खजिनदाराला विचारा. नीती आयोगाच्या दर्पण या संस्था-नोंदणीच्या पोर्टलवरचा नंबर दाखवला म्हणून भुलू नका, ती माहिती संस्थेने स्वतः भरलेली असते. आणि खरा नंबर चोरणं तर सगळ्यात सोपं. म्हणून फोन जाहिरातीतल्या नंबरावर करू नका, संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या कार्यालयात करा आणि विचारा, ही भरती तुमचीच का?

'ओळखपत्र आणि किट'चे ९९९ मागितले तर बोलणंच संपवा. पगार देणारा आधी पैसे मागत नाही.

हो, खरी कामंही असतात. मॉलच्या दारात उभी असतात ना ती मुलं, त्यांतली बरीच एजन्सीतर्फे असतात. पगार बेताचा, टार्गेट जीवघेणं, पण पावती आणि पैसा संस्थेच्या नावाने. मान्य.

एक मात्र करू नका, त्या मुलीला बावळट म्हणू नका. जाहिरातीत नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो होता. तिला वाटलं, फी निघेल आणि पुण्यही लागेल. तो फोटो इमेज सर्चमध्ये टाकायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. आपणही नाही.

कुणाच्या घरी हे घडलंच असेल तर: खात्यात उरलेल्या त्या पैशाला हात लावू नका. "चुकून जास्त आले, परत पाठवा" असा फोन येईल, पाठवू नका. ते परत जाणं नाही, आणखी एक हप्ता पुढे जाणं आहे. बँकेला लेखी कळवा, पोच घ्या. १९३० वर किंवा सायबर क्राइम पोर्टलवर स्वतःहून तक्रार करा, पोलीस येण्याची वाट बघू नका. ऑफर लेटर, चॅट, व्यवहारांचे यूटीआर नंबर सगळं जपा. ती मुलगी घाबरून चॅट उडवून बसली, तोच तिच्या बाजूचा एकमेव पुरावा होता.

आणि काका, ती जाहिरात ग्रुपवरून काढाच. पण आधी स्क्रीनशॉट घेऊन मला पाठवा, नंबर पूर्ण दिसेल असा. तिच्या तक्रारीला जोडायचाय.