एका दिवसाचा हिशोब म्हणजे खुली माहिती नव्हे

‘एनसीआरबी दरवर्षी कैद्यांची आकडेवारी छापते, म्हणजे माहिती खुली आहे’ हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या या केंद्रीय संस्थेचा तो हिशोब ३१ डिसेंबर या एकाच दिवसाचा, आणि येतो तोही किती उशिरा, २०२२ चा रिपोर्ट आला २०२३ च्या डिसेंबरात. त्यातून २०२२ अखेर देशातले ७५ टक्क्यांहून जास्त कैदी कच्चे, म्हणजे खटला संपायच्या आधीच आत असलेले, होते हे कळलं, पण त्यातल्या किती जणांची सुटायची वेळ उलटून गेलीय ते आज कुठे बघायचं?

मी माहिती अधिकारात एका जेलला नेमकं हेच विचारलेलं, पहिल्याच गुन्ह्यात आत असलेले आणि कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढलेले किती? उत्तर एका ओळीचं, ‘अशा स्वरूपात माहिती संकलित केलेली नाही’. अहो, बीएनएसएस, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम ४७९ प्रमाणे ती मुदत भरली की जेल अधीक्षकानेच कैद्याच्या जामिनासाठी कोर्टात लेखी अर्ज करायचा असतो, मग यादी ठेवल्याशिवाय तो अर्ज करतात कसा? नावं नकोत, नुसती संख्या दर महिन्याला जेलमधल्या भेटीच्या खिडकीबाहेर लावा, तिथे रांगेत उभ्या असणाऱ्या आयाबायांना वकील परवडत नाही हो.