नोटा दाबणारा माणूस घरी झोपलेला नसतो

आज ऑफिसात जेवताना नोटाचा, म्हणजे मतदान यंत्रावरच्या 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणाचा विषय निघाला. एकजण सहज म्हणाला, "नोटाच दाबायचा तर मतदानाला जायचं कशाला? घरी झोपा की." सगळे हसले. माझा घास घशातच अडकला.

२००९ ची गोष्ट. उमेदवारांपैकी एकही बाबांना पटत नव्हता, पण मतदान चुकवणं त्यांना जमत नाही. नोटाचं बटण तेव्हा नव्हतं, '४९-ओ' नावाचा नियम होता. बोटाला शाई लागल्यावर बाबांनी केंद्राध्यक्षांना सांगितलं, मला कोणालाच मत द्यायचं नाही, तशी नोंद करा. साहेबांना नियमच ठाऊक नव्हता. रांग खोळंबली, मागचे ओरडायला लागले. बाबा हलले नाहीत. शेवटी मतदारांची नोंद असते त्या १७-अ रजिस्टरमध्ये शेरा मारून त्यांची सही घेतली, तीही सगळ्या पक्षांच्या पोलिंग एजंटांसमोर. संध्याकाळी दोन पक्षांची माणसं दारात हजर: "काका, आमचं काय चुकलं?" सूर प्रेमाचा नव्हता. आई दोन दिवस धास्तावलेली होती.

आणि ह्यांना म्हणायचं घरी झोपा?

२७ सप्टेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मत देणं जसं गुप्त, तसं नाकारणंही गुप्तच राहिलं पाहिजे. म्हणून ते शेवटचं बटण आलं. २०१४ ला बाबा केंद्रावरून आले ते खुशीत. म्हणाले, "या वेळी कुणापुढे सही नाही करावी लागली." मग विचारलं, "नोटा पहिला आला तर काय करतात?" मी सांगितलं, दुसऱ्या नंबरचा निवडून येतो. त्यांचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो.

२०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. २०२४ ला इंदूरमध्ये २,१८,६७४ लोकांनी नोटा दाबला. विजयी उमेदवार दोन्हीकडे खूप पुढे होते, ठीक आहे. पण पुढे असते नोटावाले, तरी निकाल तोच लागला असता! याची चीड येते मला. आपल्याच राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी ठरवलं की नोटाला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. नगरसेवकाला जे लागू, ते आमदार-खासदाराला का नाही? आणि लोकांनी नाकारलेले चेहरे फेरनिवडणुकीत परत उभे राहता कामा नयेत. खर्च वाढेल, हो, वाढेल. नको असलेला माणूस पाच वर्षं सोसायचा, त्याचा हिशेब कोण मांडतं?

जेवताना हसले त्यांच्यावर आता तेवढा राग नाही. रजिस्टरवर सही करताना बाबांचा हात थरथरत होता, हे त्यांनी कुठे पाहिलंय? मी मागेच रांगेत उभा होतो.

मघाशी बाबांना दुपारची गोष्ट सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. म्हणून ही पोस्ट. त्या मित्राला टॅग केलंय.